गव्हाणीत काय उरलं? निवडून खाणाऱ्या गायीला तंतुमय चारा कसा खाऊ घालायचा

दुधाला फॅट बसेना झालं की पहिला संशय पेंडीवर जातो. पोतं बदलतं, कंपनी बदलते, कुणी खाण्याचा सोडा वाढवतं, कुणी सरकी पेंड. रात्री टाकलेल्या चाऱ्यातलं सकाळी गव्हाणीत काय उरलंय, हे वाकून बघणारे थोडे. तिथं कडब्याचे जाड धांडे आणि नेपियरची बुडखं साचलेली असतील, तर कितीही चांगली पेंड आणा, फरक पडायचा नाही. गायीनं रात्रभरात तुमचा आहार स्वतःच्या आवडीनं बदलून घेतलेला असतो. पेंड आणि पानं पोटात, काड्या बाजूला.

नव्यानं गोठा सुरू केलेल्यांसाठी हे लिहितोय. पाच-दहा संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायी, घरचा नेपियर गवत किंवा मका, विकतचा कडबा, मुरघासाच्या (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगा आणि गोळी पेंड, असा ज्यांचा बेत आहे त्यांच्यासाठी. मोठ्या मिक्सरवाल्या फार्मलाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी पोटातलं गणित

मक्याचा भरडा, गोळी पेंड, चुणी हे कोटीपोटात (गायीच्या पहिल्या, सगळ्यात मोठ्या पोटात) गेलं की जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि थोड्या वेळात भरपूर आम्ल तयार होतं. चाऱ्यातले तंतू सावकाश कुजतात आणि त्यातून मुख्यतः अ‍ॅसिटिक आम्ल मिळतं. दुधातल्या फॅटपैकी साधारण निम्मी फॅट कासेतच घडते, आणि ती बहुतांशी या अ‍ॅसिटिक आम्लापासून. तंतू कमी पचले की फॅट उतरते, ती इथून.

तंतूचं दुसरं काम त्याच्या लांबीमुळे होतं. लांबसर काड्यांचा एक जाडसर थर कोटीपोटात तरंगत राहतो. तो आतल्या भिंतीला घासतो, गाय रवंथ करते, रवंथ केली की लाळ सुटते. चांगलं खाणारी दुभती गाय दिवसातून सात ते नऊ तास रवंथ करते आणि तिच्या तोंडात शंभर लिटरहून जास्त लाळ तयार होते. या लाळेत सोडा असतो, बाजारातून आणता तोच, सोडियम बायकार्बोनेट. तो आम्लाचा जोर मोडतो. कोटीपोटाचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जास्त) सहाच्या वर राहिला तर तंतू पचवणारे जिवाणू सुखात असतात. तो ५.८ च्या खाली जाऊन तिथंच रेंगाळू लागला की त्यांचं काम मंदावतं, आणि ५.५ च्या खाली तर गायीला त्रास सुरू होतो. बाहेरून चटकन काही दिसत नाही. फॅट खालीवर होते, शेण एक दिवस पातळ तर एक दिवस बरं, आणि दोन-तीन महिन्यांनी खुरं दुखू लागतात.

म्हणून चाऱ्याबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारायचे. तंतू किती, आणि तंतू कसा. ‘किती’चं उत्तर प्रयोगशाळा एनडीएफच्या, म्हणजे ओलावा वजा केलेल्या चाऱ्यातल्या एकूण तंतूच्या, टक्क्यात देते. ‘कसा’ म्हणजे किती लांब, किती चावायला लावणारा. या दुसऱ्या प्रश्नाला आकड्यात बसवण्याची रीत अमेरिकन पशुआहारतज्ज्ञ डेव्हिड मर्टेन्स यांनी १९९७ मध्ये मांडली. तोवर चांगल्या प्रतीचा चारा पिठासारखा दळला तरी कागदावर त्याचं फायबर तेवढंच दिसायचं, आणि गाय मात्र रवंथ करायची नाही.

आपल्याकडची गोष्ट अशी की कागदावर तंतू सहसा कमी पडत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनं २००१ मध्ये दुभत्या गायीच्या आहारात किमान २५ टक्के एनडीएफ आणि त्यातला १९ टक्के चाऱ्यातून, असा खालचा पल्ला दिला होता. आपला कडबा आणि नेपियर यांतच ६५-७० टक्क्यांच्या आसपास एनडीएफ असतो, मक्याच्या मुरघासात ४५ ते ५५. ‘फायबर कमी पडतंय’ याचा अर्थ आपल्या गोठ्यात बहुतेक वेळा ‘दिलेलं फायबर गाय खात नाहीये’ किंवा ‘फायबरची भुकटी झालीये’ असाच निघतो.

एक हिशेब मांडू. ५०० किलोची, २२ लिटर देणारी गाय. तिला २० किलो मुरघास, ८ किलो नेपियर, २ किलो कडबा कुट्टी आणि ८ किलो खुराक (पेंड-भरडा) दिला. ओलावा वजा करून शुष्क पदार्थ धरला (मुरघासात ३० टक्के, नेपियरमध्ये २०, बाकी दोन्हींत ९०) तर ६ + १.६ + १.८ + ७.२, म्हणजे १६.६ किलो. त्यात खुराकाचा वाटा ४३ टक्के. हे ठीक आहे. आता गायीनं दीड किलो कडबा आणि तीन किलो नेपियरचे धांडे उष्टे टाकले. पोटात गेलेला शुष्क पदार्थ राहिला साधारण १४.६५ किलो, आणि खुराकाचा वाटा झाला ४९ टक्के. तुम्ही पेंडीचा एक दाणाही वाढवला नाही, तरी आहार सहा टक्क्यांनी जड झाला. आणि गेला तो नेमका चावायला लावणारा भाग.

गाय निवडते कशी

गाय चाऱ्यात तोंड घालून तो डावी-उजवीकडे हलवते, कधी उडवते. बारीक आणि जड कण तळाशी जातात, लांब काड्या वर राहतात. मग जिभेनं आणि ओठांनी ती तळातलं ओढून घेते. गव्हाणीत मधोमध खळगे पडलेले दिसले तर हेच चाललंय असं समजा. गोळी पेंड यात सगळ्यात सोपी, कारण ती कुट्टीला चिकटत नाही, सरळ खाली घरंगळते.

यात गायीचा लबाडपणा काही नाही. गोड, मऊ, पटकन पोट भरणारं आधी खायचं हे तिला उपजतच कळतं. एक गंमत मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पोटात आम्लता वाढलेली गाय पुष्कळदा उलटं करते, लांब काड्या शोधून खाते. कालपर्यंत कडब्याला तोंड न लावणारी गाय अचानक कडबाच मागू लागली किंवा गादीखालचं भुस्काट चघळू लागली, तर तिला बरं वाटू लागलंय असं समजू नका. आधी पेंड किती चाललीये ते बघा.

मुक्त संचार गोठ्यात आणखी एक भानगड होते. दांडग्या गायी आधी येऊन मलई खातात, पहिलारू कालवडी मागून येतात आणि त्यांच्या वाट्याला धांडे येतात. एकीला पेंड जास्त, दुसरीला उपास. दोघींचंही दूध घटतं, आणि कारणं अगदी उलटी असतात. दावणीला बांधलेल्या गोठ्यात हा वाद नसतो. प्रत्येकीची गव्हाण वेगळी असल्यामुळे कोण काय टाकतंय हे सरळ दिसतं. लहान गोठ्याचा हा फायदा आहे, तो पुरेपूर घ्या.

पहिली पायरी: तीन वेळा गव्हाण बघा

चारा टाकल्याबरोबर, दोन-तीन तासांनी, आणि पुढचा चारा टाकण्याआधी. तिन्ही वेळा मोबाइलवर फोटो काढा, एकाच कोनातून. पहिल्या आणि तिसऱ्या फोटोतला चारा सारखाच दिसला, फक्त कमी झालेला, तर गाय निवडत नाहीये. तिसऱ्या फोटोत नुसत्या काड्या दिसल्या तर पुढे वाचा.

गव्हाण चाटूनपुसून स्वच्छ झाली म्हणजे सगळं छान, असं नवख्यांना वाटतं. ती किती वाजता रिकामी झाली हे महत्त्वाचं. रात्री अकरालाच रिकामी झाली असेल तर गाय पहाटेपर्यंत उपाशी आहे, आणि सकाळी पेंड समोर येताच अधाशासारखी खाणार. दिलेल्याच्या तीन ते पाच टक्के उष्टावळ राहावी, ४० किलोला दीड-दोन किलो, आणि ती दिलेल्या चाऱ्यासारखीच दिसावी.

दुसरी पायरी: चाळून मोजा

डोळ्यांचा अंदाज चुकतो, म्हणून एकदा तरी मोजावं. यासाठी अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठानं केलेली चाळणीची पेटी जगभर वापरतात. तिच्यात एकाखाली एक तीन चाळण्या असतात, १९, ८ आणि ४ मिलिमीटर भोकांच्या, आणि तळाला बंद ट्रे. साधारण दीड लिटरच्या मापाचा चारा वर टाकायचा, पेटी सपाट पृष्ठभागावर पाच वेळा हलवायची, पाव वळसा फिरवायची, पुन्हा पाच वेळा. असे दोन पूर्ण फेरे, म्हणजे चाळीस हेलकावे. मग प्रत्येक चाळणीवरचं वजन करून टक्के काढायचे.

त्यांची शिफारस अशी: वरच्या चाळणीवर २ ते ८ टक्के, दुसरीवर ३० ते ५०, तिसरीवर १० ते २०, तळाला ३० ते ४०. हे आकडे तिकडच्या मका मुरघास आणि लसूणघासाच्या मिश्रणावरून आलेले आहेत. आपल्या कडबा-नेपियरच्या मिश्रणात वरच्या चाळणीवर याहून जास्तच राहतं. ते आपोआप वाईट ठरत नाही, पण ते जितकं जास्त तितकी निवडायला संधी जास्त. आपल्याला आकड्यापेक्षा फरक हवा आहे. ताज्या चाऱ्याचा नमुना आणि दुसऱ्या दिवशीच्या उष्टावळीचा नमुना दोन्ही चाळा. वरच्या चाळणीच्या टक्केवारीत तीन ते पाच टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर गाय निवडतेय.

पेटी नसेल तर अडून बसू नका. स्वच्छ पोत्यावर एक किलो चारा पसरा आणि दोन सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडे, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीहून मोठे, हातानं वेगळे करा. त्यांचं वजन करा. उष्टावळीचंही तसंच. वेळ लागतो, पण घरातली दोन माणसं बसली तर काम उरकतं.

आता आकडा काढू. समजा गायीला ४० किलो मिश्रण दिलं आणि त्यात लांब काड्या १५ टक्के, म्हणजे ६ किलो. उरलं ४ किलो, त्यात लांब काड्या ६० टक्के, म्हणजे २.४ किलो. गायीनं एकूण ३६ किलो खाल्लं. न निवडता खाल्लं असतं तर लांब काड्या ५.४ किलो गेल्या असत्या. प्रत्यक्षात गेल्या ३.६ किलो. ३.६ भागिले ५.४, म्हणजे ६७ टक्के. हा आकडा शंभराच्या जवळ असेल तर गाय सगळं सारखं खाते. शंभराच्या खाली असेल तर लांब काड्या टाळते, वर असेल तर शोधून खाते. ६७ म्हणजे तिनं एक तृतीयांश रवंथ नाकारली असंच धरा.

तिसरी पायरी: कुट्टीची लांबी

इथं सगळ्यात जास्त काम आहे आणि खर्च सगळ्यात कमी. सोलापूर-मंगळवेढ्याकडचा मालदांडीचा कडबा चवीला चांगला, पण त्याचा धांडा अख्खा टाकला तर गाय पानं ओरबाडते आणि बाकीचं पायाखाली तुडवते. कुट्टी केली तरी यंत्राची पाती बोथट असतील तर धांडा कापला जात नाही, चेचला जातो, आणि चार-पाच इंचांची धसकटं तशीच बाहेर पडतात. कुट्टीचा ढीग बघून समाधान मानू नका. मूठभर उचला आणि सर्वांत लांब तुकडे किती आहेत ते बघा. कडबा, गव्हाचं काड, भाताचा पेंढा यांची कुट्टी दोन ते तीन सेंटिमीटर असावी. पाच सेंटिमीटरच्या वर एकही तुकडा जाऊ नये. गायीच्या तोंडाच्या रुंदीपेक्षा लांब काडी तिला सहज बाजूला सारता येते, त्याहून बरीच लहान काडी सारणं तिला अवघड जातं.

मग सगळंच बारीक करून टाकू, असं वाटेल. तिथंच थांबायचं. भरड यंत्रात जाळी लावून कडब्याची भुकटी केली की निवडणं बंद होतं आणि रवंथही बंद होते. सोयाबीनचं काड आणि तुरीचं भुस्काट मुळातच बारीक असतं. त्याचं फायबर मोजणीत येतं, चावण्यात फार येत नाही. अशा भुस्काटावर भर असेल तर जोडीला दोन-तीन सेंटिमीटरची कडबा कुट्टी हवीच.

नेपियरच्या बाबतीत यंत्रापेक्षा कोयता महत्त्वाचा. फुले जयवंत असो की दुसरी कुठली जात, ४५ ते ६० दिवसांत कापणी झाली तर धांडा कोवळा राहतो आणि गाय सगळं खाते. पावसाळ्यात वाढ झपाट्यानं होते, कापायला उशीर होतो आणि डोक्याच्या वर गेलेला नेपियर बांबूसारखा कडक होतो. मग कुट्टी कितीही बारीक करा, गाय त्यातली पानंच वेचणार. प्लॉट पाडून पाळीनं कापा, म्हणजे रोज एका वयाचा चारा मिळेल.

उसाचे वाढे (तोडलेल्या उसाचे शेंडे) कोल्हापूर-सांगली पट्ट्यात गळीत हंगामात स्वस्त मिळतात आणि बहुतेक गोठ्यांत अख्खेच टाकले जातात. शेंड्याची पानं संपतात, कांडकं राहतात. त्यांची कुट्टी करा आणि त्यांच्यावरच सगळा भार टाकू नका. वाढ्यांत ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियम अडकवून ठेवतं. खनिज मिश्रण त्या दिवसांत चुकवू नका.

मुरघास करतानाच एक ते दोन सेंटिमीटरचा कट ठेवा आणि दाण्यातली दुधाची रेषा (घट्ट पिवळा भाग आणि पांढरा दुधाळ भाग यांच्यामधली) अर्ध्यावर आल्यावर मका कापा. ओला मका घाईनं भरला तर मूठ दाबल्यावर पाणी गळतं आणि मुरघास आंबट-उग्र होतो. बॅगा विकत घेत असाल तर एक फोडून बघा. आत सगळा लगदा असेल तर त्यात चावण्यासारखं काही नाही, तेवढा कडबा वाढवावा लागेल.

चौथी पायरी: ओल आणि चिकटपणा

कोरडं मिश्रण सहज वेगळं होतं, ओलसर मिश्रण एकमेकांना धरून राहतं. आपल्या आजोबांच्या पिढीनं पेंड भिजवून आंबोण का दिलं, त्यामागं पचनाची समजूत होती, पण हा फायदाही होताच. गोळी पेंड मिश्रणात घालायची असेल तर आधी पंधरा-वीस मिनिटं थोड्या पाण्यात भिजवा. गोळी फुटली की ती कुट्टीला चिकटते.

पाणी किती घालायचं हे चारा बघून ठरवा. वरचं ३८ किलोचं मुरघासवालं मिश्रण मुळातच ओलं आहे, शुष्क पदार्थ ४४ टक्क्यांच्या आसपास. त्यात आणखी पाणी ओतून काही मिळत नाही. उलट उन्हाळ्यात ते तापतं, आंबतं आणि गाय तोंड फिरवते. पण मार्च-एप्रिलमध्ये हिरवा चारा आटला, ८ किलो कडबा, ६ किलो हिरवा आणि ७ किलो खुराक अशी वेळ आली, तर २१ किलोत शुष्क पदार्थ १४.७ किलो, म्हणजे ७० टक्के. हे मिश्रण कोरडं आहे. त्यावर आठ लिटर पाणी शिंपडून कालवलं तर ते ५० टक्क्यांच्या जवळ येतं आणि निवडणं बरंच कमी होतं. पाणी ओतू नका, झारीनं शिंपडा. पाण्यात थोडा गूळ किंवा मळी विरघळवली तर चिकटपणाही येतो आणि काड्यांना चवही लागते. गायीमागे पाव ते अर्धा किलोच्या पुढे जाऊ नका. असं मिश्रण ताजंच घाला. सकाळचं संध्याकाळपर्यंत ठेवायचं नाही.

पाचवी पायरी: कालवणं

मिक्सर नसला तरी टीएमआर (चारा-खुराक सगळं एकत्र कालवलेला आहार) होतो, फक्त अंग मोडून कालवावं लागतं. सिमेंटच्या स्वच्छ जमिनीवर खाली कडबा कुट्टी पसरा, त्यावर हिरवा चारा आणि मुरघास, वर भिजवलेला खुराक आणि खनिज मिश्रण, शेवटी लागेल तर पाणी. मग पंज्यानं ढीग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पालथा करा. दोन वेळा तरी. खुराक नुसता वरून भुरभुरला तर ते मिश्रण नव्हे, तुम्ही गायीला वेचायचं कामच सोपं करून दिलंत. मिक्सर असेल तर उलटी चूक होते. शेवटची वस्तू घातल्यावर तीन ते पाच मिनिटं पुरे. कुणीतरी गप्पा मारत वीस मिनिटं चालू ठेवलं की सगळ्याचा भुसा होतो.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न. धारेच्या वेळी पुढ्यात खुराक नसेल तर गाय उभी राहत नाही. सवयच तशी लावलेली असते. त्या वेळी तीन-चार किलो पेंड एकदम दिली की पोटात आम्लाची लाट येते, आणि पोट भरलेली गाय नंतर कडब्याकडे बघतही नाही. धारेला किलोभर द्या, उरलेला खुराक चाऱ्यात मिसळा. बदल एका दिवसात करू नका, नाहीतर गाय पान्हा चोरेल. आठ-दहा दिवसांत पाव-पाव किलोनं कमी करत आणा. धारेच्या तासभर आधी थोडा चारा पोटात गेलेला असेल तर आणखी चांगलं.

सहावी पायरी: वेळ, जागा, ढकलणी

दिवसातून एकदाच चारा टाकला तर गायीला निवडायला अख्खा दिवस मिळतो. किमान दोन वेळा, जमल्यास तीन वेळा द्या. मधल्या वेळेत गायीनं तोंडानं लांब ढकललेला चारा पुन्हा तिच्या पुढ्यात ओढा. ओढताना खळगे मोडून चारा सारखा करा. उन्हाळ्यात गायी दुपारी खात नाहीत, त्यांचं खरं जेवण रात्री आणि पहाटे होतं. त्या दिवसांत जास्तीचा वाटा संध्याकाळी टाका. मुक्त संचार गोठ्यात प्रत्येक गायीला गव्हाणीवर किमान ६० सेंटिमीटर जागा द्या, आणि शक्य असेल तर पहिलारू कालवडी वेगळ्या ठेवा.

उष्टावळ रोज काढा. ती दुसऱ्या दुभत्या गायीपुढे टाकू नका. ती खरं म्हणजे नुसता धांडा असते, पोषण निघून गेलेलं असतं. खराब झाली नसेल तर भाकड जनावरांना थोडी चालते, नाहीतर खताच्या खड्ड्यात.

सातवी पायरी: गायीकडे बघा

कागद, चाळणी, वजन हे सगळं झालं की शेवटी गायच सांगते. चारा खाऊन झाल्यावर दोन तासांनी गोठ्यात जा, बोलू नका, लांबून बघा. निवांत बसलेल्या गायींपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असाव्यात. एका घासाला किती वेळा चावते ते मोजा. पन्नास-साठ वेळा असेल तर उत्तम. चाळीसच्या खाली असेल तर चारा बारीक आहे किंवा पुरेसा खाल्लेला नाही.

शेण फार पातळ आणि बुडबुडे असलेलं, किंवा एकाच दावणीत एकीचं घट्ट आणि दुसरीचं पातळ, हे निवडीचं लक्षण. पिठाच्या चाळणीत थोडं शेण धुऊन बघा. अख्खे मक्याचे दाणे, न पचलेल्या लांब काड्या किंवा चिकट शेंबडासारखे पापुद्रे दिसले तर पोटात काहीतरी बिघडलंय.

दुधाच्या पावतीवर एका दिवसाच्या आकड्यानं घाबरू नका. आपल्याकडे गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून मांडतात, त्यामुळे फॅट थोडी उतरली तरी लगेच खिशाला कळतं. एसएनएफ जागेवर आणि फॅटच ३.० च्या आसपास घसरलेली, तेही आठवडाभर, तर तंतूकडे वळा. त्याआधी धार पूर्ण निघते का ते तपासा. शेवटच्या धारेत फॅट सगळ्यात जास्त असते. ती वासराला सोडत असाल तर डेअरीवर फॅट कमीच लागणार, आणि त्याला गव्हाण जबाबदार नाही.

यातलं एका वेळी एकच बदला आणि दोन आठवडे थांबा. कुट्टी, पाणी, वेळ सगळं एकदम बदललं तर कशानं फरक पडला ते कळत नाही. नवा चारा किंवा नवी पेंड आणताना दहा ते चौदा दिवसांत हळूहळू बदल करा. खाण्याच्या सोड्याबद्दल माझं मत सांगतो. उन्हाळ्यात किंवा जास्त दुधाच्या गायीला दिवसाला शंभर-दीडशे ग्रॅम मिश्रणात घालायला हरकत नाही. पण गव्हाणीत धांडे साचताहेत आणि आपण सोडा वाढवतोय, हे मला पटत नाही. गाय तोच सोडा स्वतःच्या लाळेतून फुकट तयार करते, तिला फक्त चावायला लावा.

आणि एक इशारा. गाय दोर तोडून पेंडीच्या पोत्यापर्यंत पोहोचली आणि भरपूर खाऊन गेली, किंवा अचानक खाणं आणि रवंथ दोन्ही बंद करून सुस्त उभी राहिली, डावी कुशी फुगली किंवा पाण्यासारखं आंबूस वासाचं शेण सुरू झालं, तर हा लेख बाजूला ठेवा. ते निवडून खाण्याचं प्रकरण नसतं. घरगुती उपायात तास घालवू नका, पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवा, आणि ते येईपर्यंत धान्य-पेंड पूर्ण बंद ठेवून फक्त कोरडा कडबा पुढ्यात ठेवा.